भाषण मिळालं, मुलाखत राहिली

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतात. शहरात आणि आसपास स्थायिक झालेल्या निवृत्त लष्करी वैमानिकांच्या मुलाखती विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रित करायचं त्यांनी ठरवलं. तिघांनी होकार दिला: एक लढाऊ विमानांवरचे, एक मालवाहू विमानांवरचे, एक हेलिकॉप्टरवरचे. पहिल्या बैठकीला त्या चौसष्ट प्रश्न घेऊन गेल्या. १९७१च्या युद्धात उडालेले, आता पंचाहत्तरी ओलांडलेले विंग कमांडर पंचवीस मिनिटं अस्खलित बोलले, 'देशासाठी करायचं ते केलं' म्हणाले, चहा मागवला आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एका ओळीत उत्तर देत गेले. मधेमधे त्यांच्या पत्नी, काकूच, बोलत होत्या. निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी प्रश्न आधी पाठवा." बाई विचारतात: पाठवावेत का? विमानातलं काही कळत नसताना तांत्रिक विचारावं का? गेलेल्या मित्रांबद्दल, मारलेल्या माणसांबद्दल विचारणं शोभतं का? गोपनीयतेचं काय? "बहुतेक माझेच प्रश्न वाईट आहेत. चांगल्या प्रश्नांची यादी द्याल का?"

नमस्कार मॅडम,

तुम्ही तुमची यादी सोबत जोडलीत ते बरं केलंत. प्रश्न वाईट नाहीत, सभेतले आहेत. 'हवाई दलात जायची प्रेरणा कुठून मिळाली', 'युद्धात भीती वाटली का', 'आजच्या तरुणांना काय संदेश द्याल'. हे सगळं साहेबांना दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कुणी ना कुणी विचारतंच. उत्तरं घासून गुळगुळीत झालेली आहेत. तुम्ही सभेतलं विचारलंत, त्यांनी सभेतलं दिलं. त्यात त्यांनी काही लपवलं असं मला वाटत नाही, आणि तुमचा अपमान तर मुळीच केला नाही.

पत्रात एक वाक्य आहे: 'फौजी माणसं भावना बोलून दाखवत नाहीत.' इथे मला तुम्हाला थोडं अडवायचंय. ही माणसं नोकरीभर बोलायला कुठे शिकली ते बघा. प्रत्येक उड्डाणाआधी ब्रीफिंग, म्हणजे काय करायचं याच्या सूचना, आणि उतरल्यावर डिब्रीफ, म्हणजे काय झालं याची उजळणी. लीडर फळ्यासमोर उभा राहतो, दोन पंजे विमानांसारखे हवेत धरतो आणि सगळी सॉर्टी, म्हणजे ते उड्डाण, सुरुवातीपासून उलगडतो. कुठे वळलो, वेग किती होता, नंबर टू, म्हणजे सोबतचा दुसरा वैमानिक, मागे का राहिला, कुणाचं काय चुकलं. तिथे 'कसं वाटलं' असं कुणी विचारत नाही. चूक मात्र सांगायचीच असते, कारण ती दाबली तर पुढच्या खेपेला दुसरा कुणीतरी तिच्यापायी मरतो. ज्यांना तुम्ही अबोल समजताय त्यांना क्रमवार, बारीक तपशिलात आणि स्वतःच्या चुकांसकट बोलायची सवय आहे. तुमच्या चौसष्ट प्रश्नांमध्ये त्या सवयीला हात घालणारा एकही नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच की मुलाखत डिब्रीफसारखी घ्या. एक उड्डाण निवडा आणि ते क्रमाने विचारा. 'युद्धात भीती वाटली का' हा प्रश्न खोडा. त्याऐवजी: 'त्या सकाळी किती वाजता उठलात? पोटात काही होतं का? क्रू रूममध्ये कोण कोण होतं? विमानात बसल्यावर पट्टे कुणी आवळले? तो एअरमन (जमिनीवर विमानाची देखभाल करणारा) काही बोलला का?' भीती असेल तर ती या उत्तरांत स्वतःहून येईल. कुणी सांगेल की चहाचा कप उचलवत नव्हता. कुणी सांगेल की तेव्हा काहीच वाटलं नाही, उतरल्यावर मात्र शिडीवर पाय लटपटले. दोन्ही उत्तरं 'हो, थोडी भीती वाटली' यापेक्षा शंभरपट मोलाची.

'शत्रूचं विमान पाडताना काय वाटलं' याचंही तेच. 'ट्रिगर दाबायच्या आधी नजर कशावर होती? रेडिओवर नेमके कोणते शब्द उच्चारलेत? परतताना इंधन किती उरलं होतं?' असं विचारा. हे शब्द इंग्रजीत येतील, येऊ द्या. हवेतलं बहुतेक बोलणं इंग्रजीतच झालंय, ते तसंच टेपवर राहावं. मग म्हणा, 'आता हे माझ्या विद्यार्थ्यांना मराठीत समजावून सांगा.' समजावताना माणूस थांबतो, हातवारे करतो, आठवतो, आणि सभेत कधी न सांगितलेलं त्या थांबण्यातून बाहेर पडतं.

तांत्रिक ज्ञानाची तुम्हाला फार धास्ती दिसते. विमान कसं उडतं हे तुम्हाला कळायची गरज नाही, ते सांगायला ते बसलेत. तुम्हाला माहीत हवं ते इतकंच: ते कोणत्या वर्षी कोणत्या विमानावर होते, कुठल्या तळावर होते, आणि तेव्हा तिथे काय चाललं होतं. १९७१मध्ये नॅट, हंटर, मिग-२१, सुखोई-७, मारुत, कॅनबेरा ही सगळी विमानं आपल्याकडे होती, आणि प्रत्येकाचं काम व स्वभाव वेगळा. नॅट उडवलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न कॅनबेराच्या माणसाला विचारून चालत नाही. एक एकटा बसणारा, दुसऱ्याच्या सोबत नॅव्हिगेटर, म्हणजे वाट सांगणारा.

थोडं वाचलं की प्रश्न कसा धारदार होतो त्याचं एक उदाहरण देते. लोंगेवालाची लढाई सगळ्यांना सिनेमामुळे ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे चालून आले, पण जैसलमेरच्या हंटर विमानांकडे रात्री लढायची सोय नव्हती. ती ५ तारखेला उजाडताच उडाली आणि मग वाळवंटातले रणगाडे टिपले गेले. ज्याने हे वाचलेलं नाही तो विचारेल, 'रणगाडे उडवताना कसं वाटलं?' ज्याने वाचलंय तो विचारेल, 'जमिनीवरची माणसं मदत मागतायत आणि तुम्हाला उजाडेपर्यंत उडता येत नाही, ती रात्र कशी काढलीत?' तुमचे साहेब लोंगेवालाला नसतीलही, पण अशी वाट बघायची वेळ प्रत्येकावर आलेली असते. ओआरपीवर, म्हणजे हुकूम आला की काही मिनिटांत उडायच्या तयारीत, तासन्‌तास बसणं हे त्यांच्या नोकरीतलं नेहमीचं काम. त्या बसण्याबद्दल कुणी विचारत नाही. काय वाचायचात, पत्ते खेळायचात का, घंटा वाजली की पहिलं काय उचलायचात?

दुसरं उदाहरण तारखेचं. पाठ्यपुस्तकात युद्ध ३ डिसेंबर १९७१ला सुरू होतं. पण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सरहद्दीवर बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांची पाकिस्तानी सेबर विमानांशी चकमक झाली ती २२ नोव्हेंबरला. तेव्हा 'तुमच्या दृष्टीने युद्ध नेमकं कधी सुरू झालं' हा साधा प्रश्न विचारून बघा. उत्तरात पोस्टिंग येईल, रद्द झालेली रजा येईल, कुटुंबाला गावी पाठवल्याचा दिवस येईल.

आता तुमच्या यादीतलं मोठं गृहीतक. चौसष्टपैकी जवळजवळ पन्नास प्रश्न युद्धावर आहेत. ते युद्ध चाललं ३ ते १७ डिसेंबर, दोन आठवडे. साहेबांनी गणवेश घातला वीस-पंचवीस वर्षं. उरलेल्या वर्षांत त्यांनी काय केलं? पहिलं एकट्याचं उड्डाण केलं, ज्या प्रशिक्षकाने 'जा आता' म्हणून मागची सीट रिकामी केली त्याचं नाव त्यांना आजही पाठ असणार. धुक्यात उतरले, पक्षी धडकला, इंजिन बंद पडलं. शांततेच्या काळात कोर्समेट, म्हणजे प्रशिक्षणातले सोबती, गमावले. मिग-२१ हवाई दलातून निरोप घेऊन गेलं ते २६ सप्टेंबर २०२५ला, साठ वर्षांहून जास्त सेवेनंतर. त्यावर उडालेल्या पिढ्यांपाशी त्या विमानाबद्दल अभिमान आणि तक्रार दोन्ही आहे. 'ते विमान कशाला माफ करायचं नाही?' असं विचारा आणि गप्प बसा. अर्धा तास निघेल.

आणि हा सगळा ऐवज काढायची किल्ली त्यांच्या कपाटात आहे: लॉगबुक. प्रत्येक वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही असते. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, सोबत कोण, कशासाठी उड्डाण, दिवसाचे तास, रात्रीचे तास. पुढच्या खेपेला ती वही टेबलावर असू द्या. पान उघडायचं आणि बोट ठेवायचं: 'हे फक्त पंधरा मिनिटांचं का?' पंधरा मिनिटांत परत यावं लागलं म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. आठवणीला असा कोपरा लागतो पकडायला. कोर्सच्या फोटोचंही तेच करा. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाचं नाव विचारा.

त्या फोटोतच तुमच्या अवघड प्रश्नाची वाट आहे. 'मित्र गेला तेव्हा काय वाटलं' असं समोरून विचारू नका. फोटोतल्या एखाद्या चेहऱ्यावर साहेबांचं बोट थांबेल. तेव्हा विचारा, 'हे कसे होते?' मृत्यूबद्दल विचारण्याआधी माणसाबद्दल विचारा. गाणं म्हणायचा का, उधार मागायचा का, उडायचा कसा. मग हवं तर: 'त्यांचं सामान कुणी आवरलं? घरी कोण गेलं कळवायला?' त्या कामांत पुष्कळदा मित्रच असतात, आणि त्याबद्दल पन्नास वर्षांत त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मात्र हे पहिल्या बैठकीत नको, आणि विद्यार्थ्यांचा घोळका समोर असताना तर नकोच. १९७१मधले जे चोपन्न जण बेपत्ता यादीत राहिले त्यांत हवाई दलाचेही अधिकारी होते. त्यांच्यातलं कुणी ओळखीचं निघालं तर तो विषय त्यांच्यासाठी अजून संपलेला नाही हे ध्यानात ठेवा. 'ते सोडा' असं ते म्हणाले की सोडायचं. फिरून दुसऱ्या दाराने शिरायचं नाही. रडू आलं तर रेकॉर्डर थांबवू का असं विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर गप्प बसून राहायचं.

माणसं मारल्याबद्दल विचारावं का? माझं मत, विचारावं, पण 'मारलंत' या अर्थाने नाही. जमिनीवर मारा करणाऱ्याला खालची माणसं दिसतात की नाही, किती उंचीवरून, किती सेकंद, हे विचारा. पुढे जायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. दोषही देऊ नका आणि 'तुम्ही तर कर्तव्यच केलंत' असं म्हणून घाईने पांघरूणही घालू नका. मुलाखत घेणारे बहुतेक जण इथे दुसरी चूक करतात, आणि नेमकं तेव्हाच समोरचा परत भाषणात शिरतो.

मालवाहू आणि हेलिकॉप्टरवाल्या दोघांबद्दल तुमच्या पत्रात फक्त एक ओळ आहे, तीही 'त्यांच्याकडे युद्धाचं कमी असेल' अशी. हे मला पटलं नाही. खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर सुरुवात त्यांच्यापासून केली असती, कारण त्यांचं भाषण तयार नसतं. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच. हवा विरळ, चहूकडे डोंगर, दुपारी वारा सुटतो म्हणून उड्डाणं सकाळी उरकायची. तिथे माल घेऊन उतरणाऱ्याला विचारा: 'ढग आले तर परत फिरायचा निर्णय कुठल्या वळणापर्यंत घेता यायचा?' ईशान्येकडे दऱ्यांमध्ये पॅराशूटने तांदूळ-रॉकेल टाकणाऱ्याला विचारा, खाली वाट बघणारी माणसं कधी भेटली का. सियाचीनवर लहान हेलिकॉप्टरं चालतात, वीस हजार फुटांच्या आसपासच्या ठाण्यांवर. तिथे वजनाचा हिशेब किलोकिलोने. आजारी जवान घ्यायचा तर काय खाली ठेवायचं? कुणाला घेता आलं नाही असं झालं का? हा शेवटचा प्रश्न दुसऱ्या बैठकीचा.

आपल्या जिल्ह्यात फौज म्हटलं की पायदळ डोळ्यांसमोर येतं. शिरोळकडे सैनिक टाकळीसारखं गाव आहे, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. हवाई दलातून एअरमन म्हणून निवृत्त झालेलेही आपल्याकडे आहेत, त्यांना विसरू नका. साहेबांच्या विमानात दारूगोळा कुणी भरला, रात्रभर इंजिन कुणी उघडलं, विमान परत आलं नाही तेव्हा रिकाम्या जागेसमोर कोण उभं होतं, हे तेच सांगतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमच्या महाविद्यालयाचं पत्र देऊन विचारा. ते कुणाचा पत्ता हातात देणार नाहीत, देऊही नये, पण तुमचा निरोप पोचवा अशी विनंती करता येईल.

आठवण आणि नोंद जुळली नाही तर? जुळणार नाहीच कधीकधी. किती विमानं पडली यावर भारत आणि पाकिस्तान यांचे आकडे आजही जुळत नाहीत, तिथे एका माणसाची तारीख चुकली तर बिघडलं काय. तिथल्या तिथे सुधारू नका. 'मी दुसरीकडे असं वाचलं होतं, तुम्हाला कसं आठवतं?' इतकं पुरे. पुष्कळदा चुकलेला कागदच असतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन सहकारी ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी तळातून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोचले. पकडले गेले ते 'लंडी खाना'ला जायचं कसं असं विचारल्यामुळे. नकाशात ते स्टेशन होतं, पण प्रत्यक्षात १९३२मध्येच बंद पडलेलं. कागदावर विसंबण्याचा हा धडा विद्यार्थ्यांना सांगा, आणि लगेच हेही सांगा की साहेबांचं म्हणणं आणि सापडलेली नोंद, दोन्ही जशीच्या तशी जपायची. कुठलं खरं ते टीपेत लिहा, टेपमध्ये नाही.

गोपनीयतेची भीती थोडी आवरा. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तांनाही लागू आहे, आणि कुठे थांबायचं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पन्नास वर्षांपूर्वीचं विमान, प्रशिक्षण, मेसमधलं जेवण, बदल्या यांत घाबरण्यासारखं काही नाही. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास लिहून काढण्याचं आणि जुनी कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी खुली करण्याचं धोरणही जाहीर केलंय. तुमच्याकडून पथ्य इतकंच: सध्याचे तळ, शस्त्रं, तयारी यावर प्रश्न नको, आणि मे २०२५च्या ऑपरेशन सिंदूरवर मत मागू नका. ते टीव्हीवाल्यांना करू द्या.

आता प्रश्न आधी पाठवण्याचं. साहेब ब्रीफिंग मागतायत, ते द्या. पण प्रश्न नाही, विषय. एका पानावर लिहा: कोणता काळ, कोणती दोन उड्डाणं, मुलाखत किती वेळ, रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण ऐकणार, नको असलेला भाग वगळायचा हक्क त्यांचा. आणि विनंती: लॉगबुक, फोटो काढून ठेवा. प्रश्न शब्दशः पाठवलेत तर ते उत्तरं लिहून ठेवतील, आणि तुम्हाला पुन्हा भाषणच मिळेल.

काकूंना गप्प कसं करू, हा प्रश्न तुम्ही फार सभ्यपणे विचारलाय, पण विचारलाय. करू नका. त्यांची बैठक वेगळी ठेवा, पुढची तारीख घेऊन, त्यांच्याच नावाने. कितीदा घर हलवलं, ब्लॅकआउटच्या रात्री खिडक्यांना काय लावलं, विमानांचे आवाज मोजायची सवय होती का, वाईट बातमी आणणारी गाडी दुसऱ्यांच्या दारात थांबली तेव्हा काय झालं. स्वतंत्र वेळ मिळणार हे कळलं की साहेबांच्या वेळेत त्या बोलायच्या कमी होतील. मधे तरीही त्यांनी एखादं वाक्य दुरुस्त केलं तर ते खोडू नका, बऱ्याचदा तारीख त्यांचीच बरोबर असते.

किरकोळ, पण महत्त्वाचं: जेटवर वर्षं काढलेल्यांना ऐकू कमी येण्याची शक्यता असते. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसा, पंखा मंद करा, कुकर लागायच्या आत सुरू करा. सकाळी दहा ते साडेअकरा पुष्कळ झालं. कोल्हापूरचं घर आहे, जेवल्याशिवाय सोडणार नाहीतच, आणि रस्सा वाढताना रेकॉर्डर बंद असतानाच खरी गोष्ट निघेल. ती चोरून टेप करू नका. हात धुऊन झाल्यावर सरळ विचारा, 'मघाचं ते पुन्हा सांगाल का, टेपवर?' नाही म्हणाले तर नाही.

चौसष्टची यादी फाडू नका, घरी ठेवा. बरोबर न्यायच्या त्या दहा-बारा ओळी, त्याही एका कार्डावर. साहेब बोलत असताना खाली बघून पुढचा प्रश्न शोधायचं बंद झालं की त्यांच्याच उत्तरातला पुढचा प्रश्न ऐकू यायला लागतो. 'संदेश' विचारायचा मोह झाला तर त्याऐवजी हे विचारा: 'मी काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही?'

फोन आज-उद्याच करा, परीक्षा संपायची वाट बघू नका. आणि उतरवलेला मजकूर त्यांना वाचायला द्याल तेव्हा मोठ्या अक्षरात, रुंद समास सोडून छापा, बरोबर एक लाल पेन द्या. त्यांना दुरुस्त्या कागदावरच करायच्या असतील.